ऋणमोचनाचा घाट

(अकोला येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘संकटकाळातील श्रद्धा आणि जीवनाचे प्रयोजन’ असा विषय आयोजकांनी मला दिला आहे. सभागृहात बोलायला हा विषय सोपा आहे. वर पंखा फिरत असतो, समोर पाण्याचा तांब्या असतो आणि श्रोते मान डोलावत असतात. परंतु नुकतेच तेरावे आटोपलेल्या वऱ्हाडातील एखाद्या घराच्या ओसरीवर हाच विषय मांडायचा म्हटला, की जीभ अडखळते. पत्रकार म्हणून अशा ओसऱ्यांवर बसण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली. भिंतीवर पंढरीनाथाची तसबीर असते, शेजारी गजानन महाराजांची असते. गेलेल्याने वारी केलेली असते, पारायणे ऐकलेली असतात. मग कोणी तरी हलक्या आवाजात विचारतेच, “इतके देवाचे केले, मग असे का झाले?”

आजच्या भाषणात मला या प्रश्नाला सामोरे जायचे आहे. त्याला बगल देऊन श्रद्धेचे गोडवे गाणे हा त्या ओसरीवर बसलेल्या माऊलीचा अपमान होईल.

द्रौपदीने विचारलेला प्रश्न

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. महाभारताच्या वनपर्वात तो द्रौपदीने विचारला आहे. राज्य गेले, भर सभेत विटंबना झाली आणि पाची पांडव द्वैतवनात वल्कले नेसून बसले. तेव्हा द्रौपदी युधिष्ठिराला म्हणते की, तुम्ही भावांचा त्याग कराल, माझाही कराल, पण धर्म सोडणार नाही. जो धर्माचे रक्षण करतो त्याचे रक्षण धर्म करतो, असे मी थोरांच्या तोंडून ऐकत आले. तो धर्म तुमचे रक्षण करताना मात्र मला दिसत नाही. ती विधात्यालाही बोल लावायला कचरत नाही.

युधिष्ठिराचे उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. तो म्हणतो, मी फळासाठी धर्माचरण करीत नाही. जे करायला हवे ते करावे, जे द्यायला हवे ते द्यावे, एवढेच मी जाणतो. फळासाठी धर्माचे दोहन करतो तो धर्माचा व्यापारी. ‘इतके केले, मग असे का झाले’ या प्रश्नाच्या मुळाशी नकळत एक सौदा असतो. इतकी पारायणे केली म्हणून इतके पीक यावे, इतके नवस फेडले म्हणून इतका भाव मिळावा. सौदा फसला की श्रद्धाही फसली असे वाटते. वस्तुतः फसलेला असतो तो आपला हिशेब.

परंतु संवाद इथे संपत नाही. द्रौपदी पुन्हा बोलते. मी धर्माची निंदा करीत नाही, दुःखाने बोलते आहे, असे सांगून ती वळते ती थेट कर्माकडे. आणि तिथे ती दृष्टांत देते तो शेतकऱ्याचा. शेतकरी नांगराने जमीन फोडतो, बी पेरतो आणि मग शांत बसतो. पुढचे काम पावसाचे. पावसाने कृपा केली नाही, तर त्यात शेतकऱ्याचा अपराध नाही. इतरांनी जे केले ते मीही केले, तरी फळ आले नाही, तर दोष माझा नव्हे, असे त्याने समजावे.

बंधूंनो, ज्या भूमीत बहुसंख्य शेती पावसाच्या भरवशावर उभी आहे, त्या वऱ्हाडातील प्रत्येक गावाच्या चावडीवर हा विचार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, असे मला वाटते. कारण कर्जाइतकीच माणसाला आतून पोखरते ती शरम. पऱ्हाटी वाळली, दुबार पेरणी वाया गेली, बोंडअळीने हाती आलेले बोंड खाल्ले, याची शरम त्याला वाटते. मुलीच्या सासरी काय सांगू, सोसायटीच्या सचिवाला तोंड कसे दाखवू, या विचाराने तो घराबाहेर पडेनासा होतो. महाभारत त्याला सांगते, तू निरपराध आहेस. श्रद्धेने दुःखिताला पहिली गोष्ट द्यायची असते ती ही. ‘तुझ्या पूर्वकर्माचे फळ’ असे म्हणून जो दुःखिताच्या माथ्यावर आणखी एक ओझे ठेवतो, तो त्याला धीर देत नाही, त्याचे उरलेले बळही काढून घेतो.

दापुऱ्याचा देबूजी

आता ग्रंथातून बाहेर येऊन आपल्याच मातीकडे पाहू. इथून मूर्तिजापूर फार लांब नाही. त्या तालुक्यातील दापुरा हे गाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झिंगराजी आणि सखुबाई यांच्या पोटी जन्मलेला देबूजी या दापुऱ्यात मामाकडे वाढला. बाप दारूपायी अकाली गेला. मामाचे घर खाते-पिते होते. पण मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली आणि डोळ्यांदेखत गेली. व्यसन, कर्ज आणि निरक्षरता या तीन गोष्टींनी घर कसे बसते, हे या मुलाने स्वतः भोगले.

असे भोगलेला माणूस देवाधर्माला शिव्या देत राहिला असता किंवा नशिबाला हात जोडून बसला असता, तरी कोणी नवल केले नसते. देबूजीने तिसरा मार्ग धरला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण द्यायचे त्याने नाकारले आणि गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, तो बधला नाही. १९०५ साली त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा, डोक्यावर मातीचे गाडगे. हाच आपला संत गाडगेबाबा.

बाबांची कीर्तने आठवून पाहा. ते देवाचे नाव घेत आणि लगेच विचारीत, कर्ज काढून सण करता काय? मुलाला शाळेत घातले काय? देवापुढे मुके जनावर कापता काय? दारू पिता काय? ज्या तीन रोगांनी त्यांचे घर बसले, त्याच तीन रोगांवर ते आयुष्यभर औषध देत फिरले. आपल्या दुःखाचा त्यांनी असा उपयोग केला. जीवनाचे प्रयोजन कुठून मिळते असे तरुण कार्यकर्ते मला विचारतात, तेव्हा मी त्यांना हे उदाहरण सांगतो. बाबांना ते स्वतःला जिथे जखम झाली होती, तिथेच सापडले.

आणि ऋणमोचन. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी हे तीर्थ आहे. पौष महिन्यातील रविवारी तिथे यात्रा भरते. नावातच ऋणातून मुक्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे स्नान करून ऋण फिटल्याचे समाधान घेऊन परतत. पण नदीचा काठ चिखलाचा होता. म्हातारी माणसे, डोक्यावर पोर घेतलेल्या बायाबापड्या घसरून पडत. गाडगेबाबा यात्रेत आले आणि डुबकी मारून परत गेले नाहीत. त्यांनी काठ झाडला, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घातले आणि पुढे लोकवर्गणीतून तिथे घाट बांधून घेतला. ऋणमुक्तीचा त्यांनी लावलेला अर्थ तो हा. समाजाचे आपल्यावर जे ऋण आहे ते पायऱ्या बांधून फेडायचे असते.

बाबांवर दुःखाचा डोंगर कोसळला नाही असे नाही. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा गेला. बाबा तेव्हा कोकणात होते आणि कीर्तन सुरू होते. तार आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. जगात रोज कोट्यवधी माणसे जातात, त्यातल्या एकासाठी किती रडू, अशा आशयाचे ते बोलले आणि पुढे गात राहिले. हा प्रसंग ऐकून कोणाला ते कठोर वाटतील. मला तसे वाटत नाही. त्यानंतरच्या तेहतीस वर्षांत पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी परक्या लेकरांसाठी, यात्रेकरूंसाठी, रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. कठोर मनाचा माणूस हे करीत नाही. एका लेकरावरची माया त्यांनी अनेक लेकरांवर पसरली. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, अमरावतीच्या वाटेवरच, त्यांनी देह ठेवला. अमरावतीचे विद्यापीठ आज अक्षरशत्रू घरात जन्मलेल्या या माणसाचे नाव अभिमानाने मिरवते.

श्रद्धा हाताला काम देते

याच मातीतील आणखी एक विभूती म्हणजे माधानचे संत गुलाबराव महाराज. जन्म १८८१. नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांत चुकीचे औषध पडल्याने त्यांची दृष्टी गेली. खेड्यातल्या अंध मुलाचे भवितव्य त्या काळी काय होते, हे सांगायला नको. पण त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले, ऐकलेले स्मरणात साठवले आणि स्वतःचे ग्रंथ सांगून लिहवून घेतले. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात, १९१५ पर्यंत, शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ त्यांच्या नावावर जमा झाले. स्वतःला ते ज्ञानेश्वरमाऊलींची कन्या म्हणवीत. त्यांचा तत्त्वविचार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. जे गेले होते त्याचा हिशेब मांडत ते बसले नाहीत. जे शिल्लक होते ते म्हणजे कान, स्मृती आणि वाणी. त्यांवर त्यांनी सारे उभे केले.

मात्र त्यांना वाचून दाखवणारे आणि लिहून घेणारे कोणी तरी होते, हे विसरू नका. त्या अनेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. संकटातला माणूस स्वतःच्या बळावर उभा राहतो हे अर्धे सत्य आहे. त्याच्याजवळ कोणी तरी बसलेले असते, हे उरलेले अर्धे.

जवळ बसणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर अमरावतीच्या तपोवनात जावे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, आपल्या सर्वांचे दाजीसाहेब, हे व्यवसायाने होमिओपॅथीचे डॉक्टर आणि वृत्तीने स्वातंत्र्यसैनिक. कुष्ठरोग्याला घरचे लोक गोठ्यातही ठेवत नसत, त्या काळात, १९४६ साली, त्यांनी शहराबाहेरच्या माळरानावर श्रीजगदंबा कुष्ठनिवास उभा केला. औषध तर दिलेच, पण हाताला कामही दिले. शेती, विणकाम, सुतारकाम, जे ज्याला जमेल ते. भीक मागण्यासाठी पसरलेला हात हातमागावर बसला की माणूस बदलतो. बोटे झडलेली असली तरी आपण विणलेले कापड दुसऱ्याच्या अंगावर जाते, ही जाणीव त्याला पुन्हा माणसांत आणते. माणूस उपाशी राहू शकतो; आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही, हे मात्र त्याला सोसत नाही.

आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे जा. शंकरबाबा पापळकर एके काळी माझ्याच व्यवसायातले, ‘देवकीनंदन गोपाला’ नावाचे नियतकालिक चालवणारे. उकिरड्यावर, रेल्वे फलाटावर टाकून दिलेल्या अंध, मूकबधिर, मतिमंद मुलांना त्यांनी आपले म्हटले. शंभराहून अधिक मुलांच्या नावापुढे वडील म्हणून त्यांचे नाव आहे. तिथल्या टेकडीवर या मुलांनी लावलेली आणि जगवलेली झाडे उभी आहेत. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पूर्ण झाली की निराधार दिव्यांग मुलाने बालगृह सोडावे, या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत आले. अठरा वर्षांनंतर हे लेकरू जाईल कुठे, हा त्यांचा साधा प्रश्न आहे. श्रद्धा माणसाला गप्प बसवते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

कावड एकट्याने निघत नाही

अकोलेकरांना राजराजेश्वराची कावड मी काय सांगावी? श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन हजारो तरुण अठरा-वीस किलोमीटर अनवाणी चालत येतात. ही प्रथा १९४४ च्या दुष्काळात सुरू झाली असे सांगितले जाते. पाऊस नव्हता, तेव्हा काही भाविक निघाले आणि त्यांनी नदीचे पाणी आणून ग्रामदैवताला अभिषेक केला. पाऊस त्यामुळे पडला की कसा, याचा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दुष्काळाने माणसे घरोघर एकेकटी कुढत बसली असती. कावडीने त्यांना एका रस्त्यावर, एका लयीत आणले. खांदा दुखला की दुसऱ्याने खांदा द्यायचा, हा कावडीचा नियम आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगावी सामुदायिक प्रार्थना रुजवली, त्यामागेही हेच सूत्र होते. संध्याकाळी सारे गाव एकत्र बसले, की कोण आला नाही हे लगेच कळते. आला नाही तर का आला नाही, याची चौकशी होते. प्रार्थनेचे अनेक लाभ असतील. कोण गैरहजर आहे हे गावाला कळणे, हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो.

श्रद्धा हा हक्काला पर्याय नव्हे

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कापसाला भाव नसेल, सिंचनाचा अनुशेष असेल, खारपाणपट्ट्यात भूगर्भातले पाणी पिकाला आणि माणसाला दोघांनाही चालत नसेल, तर त्याचे उत्तर भजनात नाही. विदर्भाच्या अनुशेषाचा हिशेब दांडेकर समितीने १९८४ मध्येच मांडला होता. २००६ साली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. तरीही त्यानंतर मरणे थांबली नाहीत, हे आपण सर्वांनी पाहिले. राज्यकर्ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांना जाब विचारणे हे आपले काम आहे.

पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख हे वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर संशोधन करून विलायतेहून डॉक्टरेट घेऊन आले. परतल्यावर त्यांनी काय केले? अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले, अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली चळवळ उभी केली, १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था स्थापली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात असताना शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी कर्जलवाद कायद्याचा पाठपुरावा केला. धर्माचा अभ्यास त्यांना वसतिगृहाकडे, मंदिराच्या दाराकडे आणि कायद्याच्या कलमाकडे घेऊन गेला.

आणखी एक. सततची उदासी, झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, ‘आता संपवावे’ असे बोलणे ही लक्षणे दिसली, तर तो आजार असू शकतो. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तापाला औषध घेणारा माणूस नास्तिक ठरत नाही, तसा मनाच्या आजाराला औषध घेणाराही ठरत नाही.

आपण काय करायचे?

मित्रहो, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण कार्यकर्ते आहेत. तुम्हाला उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. पण तीस वर्षे गावे पाहिलेला पत्रकार म्हणून चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरा एकटेपणा चौदाव्या दिवशी सुरू होतो. तेव्हा जा. मग तीन महिन्यांनी जा. मृगाच्या तोंडावर, बियाण्यासाठी पैसे लागतात तेव्हा, न बोलावता जा.

दुसरी गोष्ट, कागद पाहा. सातबाऱ्यावर त्या विधवा भगिनीचे नाव लागले का? वारसनोंद झाली का? मदतीच्या फाइलवर ‘पात्र’ की ‘अपात्र’ असा शिक्का पडला आणि का पडला? तहसिलीत तिच्यासोबत अर्धा दिवस उभे राहणे ही पूजाच आहे. बाबांचा खराटा आज अनेकदा अर्जाच्या रूपाने हाती घ्यावा लागेल.

तिसरी गोष्ट, मुलांची शाळा सुटू देऊ नका. बापाच्या जागी वावरात उतरलेला चौदा वर्षांचा मुलगा पाहून ‘कर्ता झाला’ असे कौतुक करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते कौतुक थांबवा. त्याला वर्गात परत बसवा.

चौथी गोष्ट मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी. आपल्या घरच्या लग्नाचा थाट गावाकडच्या भावकीसाठी मापदंड बनतो. आपण पगारातून करतो ते तो कर्ज काढून करतो. आपण साधेपणाने लग्न केले, तर कुठल्या तरी दापुऱ्यातल्या एखाद्या देबूजीच्या मामाची जमीन वाचू शकते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. “इतके देवाचे केले, मग असे का झाले?” याचे उत्तर युधिष्ठिराकडे नव्हते, गाडगेबाबांकडे नव्हते, माझ्याकडे तर नाहीच. ‘का’ या प्रश्नापाशी आपल्या परंपरेतले थोर पुरुषही नम्र झाले. परंतु ‘आता काय’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांनी प्रत्येकाने दिले आणि ते हातांनी दिले.

पूर्णेला पूर यायचा तेव्हा येतो, कोरडी पडायची तेव्हा पडते. तिच्यावर गाडगेबाबांचीही सत्ता चालली नाही. काठ मात्र आपल्या हातातला होता, म्हणून त्यांनी पायऱ्या बांधल्या. पौषातल्या रविवारी एखादी म्हातारी आजही घाटाची पायरी चाचपत पाण्यापर्यंत उतरते. तिला बाबांचे नाव ठाऊक असेल, नसेल. तिचा पाय घसरत नाही, एवढे पुरे आहे.